आदर्श सून

सुचित्रा सासूला, विमलबाईंना, कुशीवर वळवून पाठीला पावडर लावत होती, तेवढ्यात जागृती आत आली. शिरवणे गावच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष.

"वहिनी, फायनल झालं! या वर्षीची आदर्श सून तुमीच. स्टेजवर फक्त दोन शब्द बोला, सासू मला आईसारखी. बस."

सुचित्राचा हात थांबला. विमलबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची आंघोळ, घास, चादरी सगळं तीच करत होती. लोक कौतुक करायचे आणि ती आतल्या आत ओशाळायची. नवी नवरी असताना तिचे वडील गेले. घरात नणंदेचा साखरपुडा होता, म्हणून विमलबाईंनी तिला माहेरी सोडलं नाही. वडिलांचं तोंड शेवटचं बघायचं राहून गेलं. तेव्हापासून या बाईविषयी तिला माया कधी वाटलीच नाही. आपण ढोंगी आहोत, असंच ती इतकी वर्षं समजत आली.

तिने जागृतीला ओटीवर नेलं आणि हळूच सांगितलं, "नको गो. दुसऱ्या कुनाला दे. मी करते ते खरं हाय, पन आईसारखी म्हनलं तर खोटं होईल."

जागृती तोंड फुगवून गेली. सत्कार पुढे दुसरीचा झाला.

जागृती गेल्यावर सुचित्रा आत आली तर विमलबाई टक लावून बघत होत्या. "ऐकलं मी," त्या जड जिभेने म्हणाल्या.

सुचित्राने सारवासारव केली नाही. "लय प्रयत्न केला. माया नाय येत."

"मंग करतेस कशाला?"

हाच प्रश्न तिने स्वतःला कितीदा विचारला होता, चोराला विचारावा तसा. आज उत्तर सरळ आलं. "तुमाला ओल्यात ठेवून मना घास नाय गिलवत. मी अशीच हाय."

विमलबाईंनी छताकडे बघितलं. मग त्यांचं वाकडं तोंड हललं. त्या हसत होत्या.

"माजी सासू... लय खाष्ट. मीपन केलं तिचं. माया कुठं होती? आनि सगला गाव मना देवी म्हनायचा!"

सुचित्राला हसू आवरेना. डोळे पुसत तिने भात कालवला.

"मीठ कमी हाय," विमलबाई कुरकुरल्या.

"हाय तसं खावा."

आवाजात उसना गोडवा न आणता तिने घास पुढे केला. विमलबाईंनी तोंड उघडलं.