उत्तर नसलेली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या पाठीला खाकी कागद चिकटवला आहे आणि मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, सर्वांत खालच्या फळीवर आडवी पडून असते.

मित्रांनो, छापखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली देखणी होते. बाईंडरने माझे फर्मे, म्हणजे घड्या घातलेले छापील कागद, जाड दोऱ्याने शिवले. मुखपृष्ठावर विणकाम करणारी एक बाई होती. माझ्या गोष्टीत एका छोट्या गावात तिचे लोकरीचे दुकान असते. विणकामातले ओ की ठो न कळणारा एक घड्याळजी तिच्याकडून रोज लोकरीचा एक गुंडा नेतो. त्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा कुठे तो तिला लग्नाचे विचारतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बिनबाह्यांच्या स्वेटरचा थोडा थोडा नमुना दिलेला होता: किती टाके घालायचे, किती सुलट, किती उलट. शेवटच्या पानाच्या एका बाजूला बाईचे उत्तर होते आणि दुसऱ्या बाजूला स्वेटरचा गळा.

सुरुवातीला माझ्यासाठी बायका नंबर लावत. त्यांतल्याच कुणीतरी गळ्यासाठी ते पान फाडून नेले. मग माझी मागणी आटली.

तरी एक बाई मला नेत राहिल्या. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दिवसभर इतरांची बोलणी जोडून द्यायच्या आणि संध्याकाळी भावाच्या घरी, खिडकीपाशी मला मांडीवर उघडून विणत बसायच्या. गळा त्या अंदाजाने घालत. एकदा भाच्याचे डोके त्यात असे अडकले की सगळे घर ओढायला लागले. त्या दिवशी त्या पोटभर हसल्या. एरवी त्या घरात त्यांच्याशी कामापुरतेच बोलणे व्हायचे.

आमचे ग्रंथपाल एकटे राहत. माणूस मोजून मापून बोलणारा. पण बाईंचा यायचा दिवस, शनिवार, आला की मला फळीवरून काढून, धूळ पुसून टेबलावर ठेवायचे. दुसऱ्या कुणी मागितले तर, "ते दिलंय," म्हणायचे. मी समोरच असायचे.

पुढे एक्सचेंजमध्ये आपोआप फोन जोडणारी यंत्रे आली आणि बाईंची दूरच्या गावी बदली झाली. त्या मला परत करायला आल्या, सभासदत्वाचे कार्डही टेबलावर ठेवले. जाता जाता त्यांनी विचारले, "शेवटी ती हो म्हणाली की नाही, तेवढं सांगाल का?"

"मी वाचलेली नाही ही," ग्रंथपाल म्हणाले. मग कार्ड पुढे ओढत, "तुम्ही तिच्या जागी असतात तर काय म्हणाला असतात?"

"मला कधी कुणी विचारलंच नाही."

ग्रंथपालांनी शिक्का उचलला, तारीख बदलली, कार्डावर उमटवली. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

त्या आठवड्यात ग्रंथपालांनी मला पहिल्यांदा घरी नेले. वाचता वाचता घड्याळजीच्या गुंड्यांपाशी ते थांबले. तेच पान त्यांनी तीनदा वाचले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बाईंच्या भावाच्या घरी गेले. मी काखेत होते. दार वहिनींनी उघडले. वन्सं कालच्याच गाडीने गेल्या, म्हणाल्या. चहाला बसा, असा आग्रह केला आणि नव्या गावचा पत्ता लिहून दिला.

तो कागद ग्रंथपालांनी माझ्यात, फाटलेल्या पानाच्या जागी ठेवला. पुढे कितीतरी शनिवार ते मला उघडायचे, पत्ता वाचायचे, समोर कोरा कागद घ्यायचे. वर तारीख लिहायचे. त्याखाली काही उतरायचे नाही. मग ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या पाठीला हा खाकी कागद चिकटवला, पण पत्ता नेला नाही.

आता तो पत्त्याचा कागद पिवळा पडला आहे. अकरा वर्षांत मला कुणी उघडलेले नाही. इथे लोकांची पावले ऐकू येतात, तेवढीच सोबत.

मित्रांनो, पुस्तके जपून वापरा, एवढे तर मी सांगेनच. पण माझे मागणे त्याहून मोठे आहे. मनातले माणसासमोर बोलत जा. आम्हा पुस्तकांना कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्हाला येते.