न फिरवलेली गादी

मित्रांनो, मी कसरतशाळेतली एक जुनी गादी. आत कापूस, वर जाड कापड, कोपऱ्यांना धरायला चार कान. नवी होते तेव्हा पोरं माझ्यावर तुटून पडत.

आमच्या बाई डोक्यावर उभं राहायला शिकवत. त्यांची अट एकच, पाय झटकून वर जायचं नाही. जमिनीलगत रांगत यायचं, हातांचे तळवे टेकायचे, तळव्यांपुढे माथा ठेवायचा, गुडघे कोपरांवर घ्यायचे आणि कंबर सावकाश वर न्यायची. कापूस एकाच जागी दबू नये म्हणून दर शनिवारी त्या मला स्वतः उलटसुलट फिरवून घालत.

एका चपळ मुलीला सगळे खार म्हणत. तिला मोठ्या कसरत संघात जायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं.

"बाई, एकदाच पाय झटकू द्या ना!"

"लाथा गाढव झाडतं. तू गोगलगाय हो."

"गोगलगाय कधी उलटी उभी राहिली आहे का?"

"म्हणून तर तिची संघात निवड झाली नाही!"

पुढे बाईंचे गुडघे धरले. एका शनिवारी त्यांनी खारीला मला फिरवायला सांगितलं.

"कशाला, बाई? गादी पळून थोडीच जाणार आहे!"

बाई हसल्या. मीही हसले. त्यानंतर मला कोणी फिरवलं नाही.

खार रोज एकाच जागी माथा टेकायची. तिथला कापूस दबत गेला आणि वाटीएवढा खळगा पडला. चार महिन्यांनी ती अजिबात न डगमगता वर गेली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला केवढा अभिमान वाटला!

निवड दुसऱ्या गावी होती, सपाट, कडक गादीवर. खार परतली ती मानेला पट्टा बांधून.

"माथा टेकला आणि सरकलाच, बाई. आता पुन्हा उलटं व्हायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले."

ती माझ्यावर बसली. चाचपडताना तिची मूठ खळग्यात गेली आणि तिथंच थांबली.

"मला येतच नव्हतं, बाई. ही गादीच मला धरून ठेवत होती."

"चूक माझी आहे, बाळ."

"फिरवू नका म्हणणारी मीच ना?"

खार पुन्हा आली नाही.

आता मी मागच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली पडून आहे. मित्रांनो, तुमची गादी दर आठवड्याला फिरवत जा. आळस करू नका. माझा कापूस आता फुगायचा नाही. तो खळगा तसाच आहे, आणि त्यात पुन्हा कुणाचा माथा बसू नये, एवढंच मला वाटतं.