हाताने ऐकलेली तबकडी

मित्रांनो, मी गाण्यांची एक जुनी, काळी तबकडी आहे. सत्तरच्या दशकात ‘सॉल्ट कार्टर्स’ नावाच्या इंग्रज रॉक बँडने लंडनच्या स्टुडिओत जी गाणी केली, ती माझ्या अंगावर कोरलेली आहेत. त्यांचा ड्रमवाला डेरिक हा उत्तर इंग्लंडातल्या बर्न्ली या गिरणगावचा. माझ्या बहिणी, म्हणजे त्याच गाण्यांच्या बाकीच्या तबकड्या, दुकानांत गेल्या. मला मात्र डेरिकने आईकडे धाडले.

त्याची आई हिल्डा कापडगिरणीत माग चालवत असे. मागांच्या खडखडाटाने तिचे कान कधीच गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणे ओळखायची. तिने मला पाकिटातून बाहेरही काढले नाही, कपाटावर उभे केले. पाकिटावरचा डेरिकचा फोटो ती फडक्याने पुसायची. पाहुणे ‘छान’ म्हणत आणि चहा पिऊन जात. पोटात एवढा दणका घेऊन मी मुकी उभी असे. मला फार एकटे वाटे.

माझ्या बहिणी फारशा खपल्या नाहीत. बँड मोडला. डेरिक घरी आला आणि मला पाहून थबकला.

“आई, उघडलीसुद्धा नाहीस?”

“उघडली असती तर धूळ बसली असती.”

तो खिडकीकडे वळला. “शेजाऱ्यापाजाऱ्यांना तरी ऐकवायचीस. कुणालाच नको होतो आम्ही.”

“काय म्हणालास? इकडे बघून बोल.”

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी तो गेला. नंतर शेजारच्या मिसेस पिकल्सकडे तेवढा त्याचा फोन यायचा.

“डेरिक विचारतोय, बरी आहेस ना?”

“त्याला म्हणावं, फोनवर मला तोंड दिसत नाही. घरी ये.”

तो आला नाही.

एका रविवारी हिल्डाने मला कोटाखाली धरून शेजारी नेले. “लाव ही.”

“अगं, तुला काय कळणार?”

“लाव तर खरी.”

मिसेस पिकल्सच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई माझ्यावर टेकली. हिल्डाने स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हा आमचा.”

मग दर रविवारी ती मला घेऊन जाऊ लागली. एका संथ गाण्यात ड्रम थांबत. ती लगेच विचारायची, “का थांबला? दमला का?”

“गाणंच तसं आहे गं. येईल आता.”

हात तसाच ठेवून ती वाट पाहत बसायची.

एका हिवाळ्यात हिल्डा गेली. डेरिक आला, तेव्हा मिसेस पिकल्सने मला त्याच्या हातात देऊन सगळे सांगितले. तो जिन्यावरच बसला.

“मला फोनवर का नाही सांगितलंत, मावशी?”

“तिनेच बजावलं होतं. म्हणाली, आला की समोर बसवून मीच सांगेन.”

आता मी डेरिकच्या घरी असते. कधीतरी तो मला बाहेर काढतो, झिजलेल्या रेषांवरून बोट फिरवतो आणि पुन्हा ठेवून देतो. लावत नाही.

मित्रांनो, मला वाजवा असा हट्ट मी धरणार नाही. पण तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर रागावलात तरी तोंड फिरवून बोलू नका. त्यांच्या समोर बसा, तुमचे ओठ त्यांना दिसू द्या.