चिमूटभर वाळू

मिस्त्री वाळू खातात, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. गाडी रिकामी झाली की ते ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे, आतली चिमूटभर वाळू काढायचे आणि जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. समोर गाडीवाला निकालाची वाट बघत असल्यासारखा उभा. मग मिस्त्री थुंकायचे, तोंड पुसायचे आणि दोनांतला एक शब्द बोलायचे. "चालेल" किंवा "परत." तिसरा शब्द चाळीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

समुद्र हाकेच्या अंतरावर. काडेपेटीतली काडी तिसऱ्या झटक्याला पेटायची, कपाटांची दारं फुगून बसायची, आणि आठवडाभर न घातलेल्या चपलांवर हिरवी लव उगवायची. अशा हवेत खारट वाळूची भिंत कधी वाळतच नाही. ती हवेतली ओल पीत बसते. पहिल्या वर्षी तिच्यावर पांढरा लोणा फुलतो, दुसऱ्या वर्षी गिलाव्याचे पोपडे सुटतात, आणि तिसऱ्या वर्षी घरमालक तिच्यापुढे कपाट सरकवून अब्रू झाकतो. मिस्त्रींच्या भिंतीपुढे कपाट सरकवायची वेळ अजून कुणावर आली नव्हती. विटांचे बुडबुडे थांबेपर्यंत ते त्या हौदातून काढू द्यायचे नाहीत. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर डांबराचा थर घातल्याशिवाय पहिली वीट ठेवायचे नाहीत. आणि भिंत आतून सुकल्याशिवाय गिलाव्याला हात लावायचे नाहीत, मग घरमालक डोकं आपटून घेवो.

लोकांना त्या जिभेचं फार कौतुक. तिच्यासमोर दिवसातून दोनदा ताट ठेवावं लागायचं ते मात्र मिस्त्रींच्या बायकोला.

"आज मीठ अर्धी चिमूट वर गेलंय."

"कालच्यापेक्षा आज तेल जुनं आहे."

"ही मिरची त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली नाही."

छत्तीस वर्षं तिने हे ऐकलं. सुरुवातीला रडली, मग भांडली, मग बहिरी झाली. मिस्त्री गप्प बसून जेवले की ती ते बक्षीस समजायची.

आणि मग एका मंगळवारी ते म्हणाले, "छान झालीय भाजी."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. तिने स्वतः एक घास घेतला आणि तो तिला गिळवेना. फोनवर लेकीशी बोलता बोलता तिने मीठ दोनदा घातलं होतं. भाजी समुद्रात बुडवून काढल्यासारखी झाली होती, आणि हा माणूस ताट पुसून खात होता!

बुधवारी तिने मीठ घातलंच नाही. "छान," मिस्त्री म्हणाले. गुरुवारी चहात साखर नाही. "फक्कड." तेव्हा तिला उलगडा झाला. मागच्या महिन्यात बारा दिवस ताप आला होता. तो गेला, पण जाताना नवऱ्याची जीभ घेऊन गेला. आणि हा गडी ते लपवतोय. कशाची चव कळत नाही म्हणून सगळ्यालाच छान म्हणतोय.

तिला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी घरात शांतता होती. माणसाला एखादी गोष्ट लपवावीशी वाटली तर लपवू द्यावी, असं तिने स्वतःला समजावलं आणि तीन आठवडे ते 'छान' मजेत पदरात पाडून घेतलं. वाळूचं तिच्या डोक्यातही आलं नाही. वाळू त्यांची, भाजी तिची, अशी वाटणी इतकी जुनी होती.

त्या दिवसांत मिस्त्री लेकीचं घर बांधत होते. लेक एका भाड्याच्या खोलीत राहायची. तिथली एक भिंत अशी ओली, की गादी तिच्यापासून हातभर लांब घालावी लागायची. जावई बोटीवर नोकरीला. त्याला परत यायला सात आठवडे होते आणि तोवर चार भिंती आणि छप्पर एवढं तरी उभं करायचं, असं बापलेकीचं ठरलं होतं. लोकांची घरं बांधण्यात उमर गेली. लेकीचं राहिलं होतं. मिस्त्री एकही वीट दुसऱ्याला लावू देत नव्हते. हाताखाली एकच बाई, माल कालवायला. तिच्या आवाजामुळे सगळे तिला तोफ म्हणायचे.

एका दुपारी बायको डबा घेऊन तिथे गेली तेव्हा वाळूची गाडी नुकतीच रिकामी झाली होती. भिंती छातीएवढ्या आलेल्या. सांधे एका जाडीचे, कोपरे ओळंब्यात, बघत राहावं असं काम. मिस्त्रींनी ढिगात हात घातला, चिमूट काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

भाजीची जीभ आणि वाळूची जीभ एकच, हे बायकोच्या आत्ता ध्यानात आलं.

मिस्त्री थुंकले. "चालेल," म्हणाले.

गाडीवाला खूश होऊन निघाला. ती त्याला रस्त्यावर गाठून म्हणाली, "भाऊ, ही वाळू कुठली?"

"खाडीच्या तोंडाजवळची. नदीच्या वरच्या अंगाला गाडी उतरायचा रस्ता खचलाय ना, महिना झाला. मलाही धाकधूक होती, वहिनी. म्हटलं मिस्त्री परत पाठवणार. पण चालेल म्हणाले. तिन्ही खेपांना चालेल म्हणाले. त्यांच्यापुढे मी कोण बोलणार?"

तिन्ही खेपा. म्हणजे जोत्याच्या वरचं सगळं.

तिने ढिगातली मूठभर वाळू रुमालात बांधली. स्वतः चाखूनही पाहिली. खारट लागली, पण या हवेत ओठसुद्धा खारट असतात, तेव्हा आपल्या जिभेवर तिचा भरवसा बसेना. घरी येऊन तिने ती वाळू गोड्या पाण्यात ढवळली, फडक्यातून दोनदा गाळली आणि ते पाणी काळ्या तव्यावर ठेवून मंद आचेवर आटवलं. पाणी गेलं. तव्यावर पांढरी साय धरल्यासारखा थर राहिला. बोट फिरवलं तर रेघ उमटली.

तव्याकडे बघत ती स्टुलावर बसून राहिली. तीन आठवडे आपण छान-छान ऐकत बसलो, आणि तिकडे लेकीची भिंत चढत होती. यात आपलाही वाटा आहे, हे तिला चांगलंच टोचलं.

मिस्त्री संध्याकाळी आले, हातपाय धुऊन बसले. तिने ताटाऐवजी तवा समोर ठेवला.

"हे काय? जेवायला?"

"जेवा की. छानच लागेल तुम्हाला."

मिस्त्रींनी तव्याकडे पाहिलं. भोळे नव्हते ते. बोटाने तो पांढरा थर खरवडला, सवयीने तोंडाशी नेला आणि अर्ध्यातच हात खाली घेतला.

"कधी कळलं तुला?"

"तुम्ही भाजीला छान म्हणालात तेव्हाच. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. न कळायला मी काय दगड आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मिस्त्रींनी बोटाला लागलेला पांढरा थर पंच्याला पुसला.

"रोज वाटायचं, उद्या येईल चव," मिस्त्री म्हणाले. "सकाळी उठून आधी दातावर मीठ चोळून बघतो. काही नाही. माती चघळल्यासारखं. मग वाटलं, गाडीवाला ओळखीचा, याच्या बापाने कधी खारट आणली नाही. रंगही बरा होता. हाताला चरचरीत लागत होती." ते थांबले. "वाळू जिभेवर ठेवायचो आणि त्याच्या तोंडाकडे बघायचो. चोर असेल तर कळेल म्हणून. डोळे मिटल्यासारखे करून बघायचो."

बायकोला हसू आलं आणि हसू आल्याची लाजही वाटली. काय करावं ते न कळून तिने तवा उचलून बाजूला ठेवला.

"धुऊन निघेल का? भिंतीवर पाणी मारून मारून?"

"भिंतीला पाणी मारलं तर खार आणखी आत जातो. आता पाडायची. चुन्याचा माल आहे, अजून कच्चा, विटा सुट्या होतील. आठवडाभर राहिली तर वीट फुटेल पण सुटणार नाही." मिस्त्री हाताच्या तळव्यांकडे बघत होते. "पाडायचं काही नाही गं. चाळीस वर्षांत कमी पाडलंय? पण सांगायचं काय? ती तोफ आहे तिथे. उद्या दुपारपर्यंत बंदरावर बातमी. मिस्त्रीची जीभ मेली. मग मला भिंत कोण देईल?"

बायकोने याचाही विचार करून ठेवला होता. "जीभ बीभ काही बोलू नका. सांगा, दोरी हलली. भिंत ओळंब्यात नाही, म्हणून पाडतोय."

मिस्त्रींची मान ताडकन वर आली.

"ओळंब्यात नाही? माझी भिंत?"

"अहो, सांगायला फक्त."

"एक सूत इकडचं तिकडे नाही तिथे! जा, ओळंबा लावून बघ! दोरी हलली म्हणे. दोरी हलायला मी काय काल शिकायला लागलो?"

"मग नका सांगू."

"त्यापेक्षा जीभ गेली म्हणेन. ताप आला, जीभ गेली, त्यात माझा काय दोष? हात गेला असं कोण म्हणून घेईल?"

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली. ती तसं म्हणत नव्हती, पण इथवर आल्यावर वाद कशाला वाढवायचा?

सकाळी दोघं बरोबरच कामावर गेली. लेक आधीच येऊन विटांवर पाणी घालत होती, तोफ वाळू चाळत होती. मिस्त्रींनी थापी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली.

"चाळू नकोस ती," ते तोफेला म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून, लेकीकडे न बघता बोलले, "चिमणे, ही भिंत पाडायची आहे. चारही. वाळू खारट आहे. मला कळलं नाही. तापापासून मला कशाचीच चव कळत नाही. आणि मी कुणाला सांगितलं नाही."

एवढं लांब बोलणं त्यांनी कामावर कधी केलं नव्हतं. लेकीच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली, पायाशी डबकं झालं. बापाने नजर उचलली नाही. बायको लेकीच्या तोंडाकडे बघत होती. सात आठवड्यांतले तीन मातीत गेले होते. ती ओली खोली, हातभर सरकवलेली गादी, सगळं त्या तोंडावर येऊन गेलं.

"बाबा," लेक म्हणाली, "म्हणून तुम्ही रोज माझा चहा पीत होतात?"

"म्हणजे?"

"माझा चहा घोटभरसुद्धा पीत नव्हतात तुम्ही कधी. गेले तीन आठवडे कप रिकामा करून देताय. मला वाटलं, मला जमायला लागला."

उत्तर तोफेने दिलं.

"तुझ्या चहाचं काय घेऊन बसलीस! त्या दिवशी माझ्या डब्यातली भाजी खाऊन मिस्त्री छान म्हणाले. माझी भाजी! माझ्या घरचं मांजर तोंड लावत नाही तिला. मी घरी जाऊन नवऱ्याला सुनावलं, बघ, जाणकार माणसाने वाखाणली. आता त्याला काय तोंड दाखवू?"

लेक हसली, मग बायको हसली. मिस्त्री हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी थापी फिरवली आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात वरच्या विटेखाली घातली. वीट कुरकुरली आणि सुटली.

"जावई यायच्या आत होईल का?" बायकोने हळूच विचारलं.

"चार नाही होणार. दोन होतील. दोन भिंतींच्या आडोशाला उभा राहील तो," मिस्त्री म्हणाले. "पण त्या दोन्हींना तो मरेपर्यंत पाठ टेकून बसू शकेल."

पाडायला चार दिवस गेले. प्रत्येक वीट तासून, हौदात घालून, पाणी तीनदा बदलून बाजूला रचून ठेवली. जोतं आणि डांबराचा थर तापाच्या आधीचे, त्यांना धक्का लागला नाही. खाडीची वाळू जोत्यापासून लांब, अंगणाच्या खड्ड्यात गेली. तोफेने बंदरावर बातमी नेली का, हे कुणी विचारलं नाही. नेली असणारच. पण शेजारच्या गल्लीतला एक माणूस येऊन म्हणाला, "मिस्त्री, तुमचं झालं की माझं घर. स्वतःची भिंत पाडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला." मिस्त्री त्याच्यावर उगाचच खेकसले.

पाचव्या दिवशी गाडीवाला लांबचा वळसा घालून नदीच्या वरच्या अंगाची वाळू घेऊन आला. गाडी रिकामी झाली. त्याने सवयीने मिस्त्रींकडे पाहिलं.

मिस्त्रींनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतली चिमूट काढली आणि ती बायकोसमोर धरली.

"मी?" ती म्हणाली. "मला काय कळतंय?"

"छत्तीस वर्षं माझ्या तोंडून ऐकतेयस. बघ. कळेल."

तिने चूळ भरली आणि चिमूट जिभेवर ठेवली. मातकट, गार, नदीच्या तळासारखी. तिने डोळे मिटले, कारण मिस्त्री मिटायचे. सगळे थांबले होते. एका डोळ्याच्या फटीतून तिने पाहिलं, तर नवरा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तो जेवायला बसला की ती इतकी वर्षं अशीच बघायची.

ती थुंकली, तोंड पुसलं. "चालेल," ती म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबवेना म्हणून, "तरी एकदा गोड्या पाण्याने धुऊन घ्या."

"हा तिसरा शब्द कुठून आणला, वहिनी?" तोफ ओरडली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नव्या भिंतीच्या सावलीत सगळे डबे उघडून बसले. मिस्त्रींनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि बायकोकडे वळले.

"कशी झालीय?"

तिने चाखून पाहिलं. "मीठ जरा वर गेलंय."

"किती?"

"अर्धी चिमूट."

"तरीच," मिस्त्री म्हणाले. "घाईत घातलंस ना? लक्ष असतं कुठे तुझं? इतक्या वर्षांत साधं मीठ..."

ते बराच वेळ बोलत राहिले. बायकोने पाठ भिंतीला टेकली. भिंत गार होती, अजून ओली होती. ही सुकणार होती.