सातवी तार

लिफ्ट तपासणं हे माझं काम. लोकांना वाटतं, बटण दाबून वर-खाली हिंडायचं, मजा आहे. मजा कसली डोंबलाची. लिफ्टच्या दोराला चिंधी धरून दोर फिरवायचा, तुटलेली तार चिंधीला अडकते, मग मोजायचं. वीतभर दोरात सहा तुटलेल्या तारा चालतात. सातवी सापडली की लिफ्ट बंद, मग आत कोणी का उभं राहणार असेना.

ताईच्या इमारतीत सातवी सापडली.

ताई आठव्या मजल्यावर एकटी राहते, गुडघे कामातून गेलेले. माझी बायको गेली, आणि हृदय असं की दोन मजल्यांच्या वर चढायला डॉक्टरांची मनाई. रोज संध्याकाळी लिफ्टने वर जायचं, ताईशी पत्ते खेळायचे, तिची बोलणी खायची, एवढंच काय ते माझं घर उरलं होतं.

"एका तारेसाठी?" ताई म्हणाली. "सहा लिही. कोण बघायला येतंय?"

"कोणी नाही."

"आणि इथले लोक तुझे कोण लागतात?"

"कोणी नाही."

"मग माझ्यासाठी लिही."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. सहा आणि सातातला फरक कळायला तपासनीसाचा शिक्का लागतो होय? ज्याला अक्कल आहे त्या प्रत्येकाला तो कळतो. मी सात लिहिले, लिफ्टला कुलूप लावलं आणि आठ मजले उतरलो. उतरायला मनाई नव्हती.

नवा दोर येतो येतो म्हणत दोन महिने गेले. लोक जिन्यातून माझ्या नावाने बोटं मोडत होते, ते चालून गेलं. ताईने फोन उचलणं सोडलं, ते नाही सोसलं. संध्याकाळी मी एकटाच दोघांचे पत्ते वाटायचो आणि तसेच गोळा करायचो.

काल राहवलं नाही. चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर छातीचा भाता झाला, तशी पायरीवर बसकण मारली. कोणीतरी दार उघडलं, काही न विचारता पाण्याचा ग्लास शेजारी ठेवला आणि दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला.

"धाकट्या, खिडकीतून बघितलं तुला येताना."

"तू कुठे आहेस?"

"सहाव्यावर. बसत बसत उतरले. आता ना वर जाववत, ना खाली."

मधे तीन मजले. माझीही तीच गत होती.

"किती चालतात म्हणालास?"

"सहा."

"आणि होत्या किती?"

"सात."



"मग काय करणार होतास तू," ती म्हणाली. "मीही सातच लिहिले असते."

आणि ती रडायला लागली. मी खाली बसून ऐकत राहिलो.