बेबीला सगळं जमतं

आमच्या आईने आम्हा दोघी बहिणींना एक गोष्ट पक्की शिकवली होती: घरातलं बाहेर सांगायचं नाही. वडील गेल्यावर मामा कधीमधी डोकवायचा. "पोरींनो, जेवलात का?" म्हणून विचारायचा. आम्ही उपाशीपोटी एका सुरात "हो मामा" म्हणायचो, आणि आई दाराआडून समाधानाने मान डोलवायची. तिचा तो ताठा आठवला की अजून ऊर भरून येतो. पण अपंगांच्या भत्त्यासाठी बेबीला घेऊन सरकारी कार्यालयात गेले, तेव्हा मात्र वाटलं, आई, काय करून ठेवलंस गं हे!

बेबी माझी धाकटी बहीण. सत्तरी ओलांडली तरी बेबीच. टेलिफोन ऑफिसात बसून तिने जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले. आता संधिवाताने बोटं अशी वळली आहेत की साधा नळ सुटत नाही. रोज सकाळी एक बाई येऊन तिला अंघोळ घालते, कपडे चढवते. बेबीची शिल्लक आटत चालली होती. भत्ता मिळाला तरच बाई टिकणार, नाहीतर बेबीची रवानगी वृद्धांच्या संस्थेत. माझे गुडघे हे असे, मी तिला उचलणार कुठून?

पहिल्या तपासणीला बाईने तिला छान आवरून दिलं. घट्ट वेणी, पावडर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरून एकदाचे डॉक्टरसमोर पोचलो.

"कपडे स्वतः घालता?"

"हो."

"स्वयंपाक?"

"जमतो की!"

मी खोकले. पुन्हा खोकले. डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

महिन्याभराने पत्र आलं. अर्जदार स्वावलंबी असल्याने अर्ज नामंजूर.

"स्वावलंबी!" मी पत्र तिच्यापुढे आपटलं. "डब्याचं झाकण निघत नाही तुझ्याने!"

"मग काय परक्या माणसासमोर रडगाणं गाऊ?"

"रडगाणं नको गं बाई, नुसतं खरं उत्तर दे!"

"अक्का, केवढासा पोरगा तो. त्याला काय सांगायचं, मला अंघोळ कोण घालतं ते?"

मी अपील केलं. पुन्हा खिडक्या, पुन्हा सह्या, पुन्हा "साहेब जेवायला गेलेत". शेवटी दुसरी तपासणी ठरली. त्या सकाळी मी बाईला परस्पर सुट्टी दिली आणि स्वतः बेबीकडे गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती. केस पिंजारलेले, स्वेटरची एकच बाही अंगात.

"बाई कुठाय?"

"येणार नाही. आहेस तशी चल."

"अशी? वेड लागलंय का तुला?"

दुसरी बाही मी चढवली, बटणं तशीच ठेवली. रिक्षात ती सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून बसली होती.

या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. "कपडे स्वतः घालता?"

"हो," बेबी म्हणाली.

मी कपाळावर हात मारला.

"मग बटणं लावायची राहिली वाटतं?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

बेबीने खाली पाहिलं. मग माझ्याकडे. आणि भडका उडाला.

"हिला विचारा! हिला चांगलं ठाऊक आहे माझ्याने एक बटण लागत नाही. हातात कंगवा राहत नाही. संडासलासुद्धा कुणाचा तरी हात धरून जावं लागतं मला. तरी मुद्दाम बाईला सुट्टी दिली हिने! मोठी बहीण म्हणे!"

"आणखी काय काय जमत नाही?" डॉक्टरीणबाई भराभर लिहीत होत्या.

"काही म्हणता काही जमत नाही! चहाचा कप कुणीतरी तोंडाला लावावा लागतो. हिला सगळं माहितीये, विचारा ना!"

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाच्या शिव्या खाल्ल्या नसतील.

भत्ता मंजूर झाला, बाई टिकली. बेबी मात्र माझ्याशी बोलत नाही. निरोप बाईमार्फत येतात. कालचा निरोप असा: दरवर्षी फेरतपासणी आहे म्हणे, तर पुढच्या वेळी ती बाईबरोबर जाणार, नीट आवरून, माणसासारखी.

मी बाईला म्हटलं, "तिला सांग, नेणार तर मीच. आणि म्हणावं, तोवर अजिबात बोलू नकोस माझ्याशी. राग चांगला टिकवून ठेव."