सहावी पायरी

"सी," मी म्हणालो. "कॅबिनेट खोलायचा आणि रॅम काढायची."

"चूक," संघप्रिया मॅडम म्हणाल्या. "काका, तिसऱ्यांदा चूक."

भवानी पेठेत चादरीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचा क्लास भरतो. रविवारची सकाळ होती. बाकावर आम्ही सात जण. सहा जण विशीतले आणि मी त्रेचाळीस वर्षांचा. कॉम्प्युटर दुरुस्तीची पहिली परीक्षा, इंग्रजीतून. प्रश्न असा होता की, कॉम्प्युटर तीन बीप वाजवतो पण सुरू होत नाही अशी तक्रार आली, तर टेक्निशियन सगळ्यात आधी काय करेल? घ्या! अकरा वर्षं मी दुसरं काय करतोय?

"मॅडम, तीन बीप वाजल्या म्हटल्यावर रॅमच की. काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायचा, परत बसवायची. धा मिन्टात मशीन चालू. दाखवू का हितंच?"

"मशीन चालू हुईल हो. मार्क न्हाय मिळणार. उत्तर ए हाय. वापरणाऱ्याला विचारा, काय झालं."

"त्याला काय इचारायचं? आजपातूर एकानं तरी खरं सांगितलंय का? चहा सांडलेला असतोय, वायरीत पाय अडकलेला असतोय, पण तोंडातनं एकच. मी काय केलंच न्हाय!"

पोरं हसली. मॅडमही हसल्या, पण मागं हटल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी सहा पायऱ्या लिहिल्या. पहिली, वापरणाऱ्याला विचारा. मग अंदाज, तपासणी, दुरुस्ती, खात्री. आणि सहावी, काय बिघडलं, काय केलं, ते सगळं लिहून ठेवा.

"मधल्या चारीत तुमी माझ्यापेक्षा हुशार हाय," त्या म्हणाल्या. "पण पैली आणि सहावी तुमी कायम गाळता."

आता मी कोण, ते सांगतो. नवनाथ धोंडीराम. मूळ वेळापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात चौदा वर्षं आहे. हजेरीपटावर हेल्पर, वाइंडिंग खातं. म्हणजे सुताचे कोन पेटीत भरायचे, पेट्या उचलायच्या आणि दिवसभर सुताची पिंज नाकातोंडात घ्यायची. ह्या पिंजेनं माझ्या छातीत कायमचा खोकला बसलाय. डॉक्टर म्हणाले, खातं बदला. जसं काही खातं बदलणं माझ्या हातात आहे!

तिसऱ्या वर्षी एकदा ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला आणि शहरातला इंजिनिअर दोन दिवस येईना. मी पेटी ठेवायला आत गेलो होतो. गावाकडं रेडिओ खोलायचा नाद होता, तेवढ्यावर म्हणालो, बघू का? टेबलावरचा खोडरबर घेतला, रॅम घासली, मशीन चालू झालं. तेव्हापासून कारखान्यात माझं नावच खोडरबर पडलं. प्रिंटर अडला, खोडरबरला बोलवा. नेट गेलं, खोडरबर कुठाय? सगळी मशीनं मी सांभाळली. एकदा पगारपत्रकाची हार्ड डिस्क गेली, तर तीन दिवस बसून सगळ्या कामगारांचा हिशेब मी परत मिळवला. त्या फाईलमध्ये एक्केचाळीसाव्या ओळीत मीच होतो. हेल्पर. तो शब्द मीच वाचवला म्हणा की!

गेल्या खंडेनवमीला मालकांनी मागांची पूजा केली, मग ऑफिसात येऊन कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. म्हणाले, "आता पक्का टेक्निशियन नेमायचाय. परदेशी गिऱ्हाइकाचे तपासणीवाले कागद मागत्यात. नवनाथ, तू सर्टिफिकेट आण. जागा तुझीच."

सगळ्यांसमोर म्हणाले. आस्थापनाचे श्रीमंतराव साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी मानसुद्धा हलवली. मला ती जागा पाहिजे होती. लई पाहिजे होती. खुर्ची, पंखा आणि नावापुढं दुसरा एखादा शब्द, एवढंच हवं होतं.

मग सुरू झाला अभ्यास. पहाटे उठून माझी बायको चंद्रिका टॉवेलांच्या कडा शिवायला मशीनवर बसायची आणि मी शेजारी पुस्तक घेऊन. ती सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. तरी उत्तरांचा कागद तिच्याकडंच.

"सत्तावीस," ती शिलाई थांबवून विचारायची. "ए, बी, शी का डी?"

"शी."

"न्हाय. ए दिलंय."

"परत तेच आलं का? वापरणाऱ्याला इचारा?"

"मला काय म्हाईत? पण बरोबरच हाय की त्यांचं. परवा मिक्सर चालंना म्हणून तुमी सगळा खोलून ठिवला. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"काय?"

"लाईट गेलीया म्हणून!"

मी पुस्तकात डोकं घातलं. पण त्या दिवसापासून ती पायरी माझ्या डोक्यात पक्की बसली.

एकदा क्लास सुटल्यावर मी मॅडमना एकटं गाठून विचारलं, "खरं सांगा मॅडम, ह्या कागदानं नोकरी लागती का?"

संघप्रिया मॅडम फळा पुसत होत्या. पंचविशीची पोरगी, पण बोलणं मोजकं. "माझ्याकडं तीन कागद हायत, काका," त्या म्हणाल्या. "आणि मी कुटं हाय बघा, तुमाला शिकवालीय. कागद दारापातूर नेतोय. दारात गेलं की म्हणत्यात, अनुभव दाखवा."

"अनुभव माझ्याकडं भरपूर हाय."

त्या फळा पुसत राहिल्या. त्यांनी दाखवा का म्हटलं, ते मला त्या वेळी उमगलं नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. कॉम्प्युटरसमोर बसलोय आणि तो खोलायला परवानगी नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. जिथं जिथं आधी काय करेल असं आलं, तिथं तिथं वापरणाऱ्याला विचारलं. पास झालो. काठावर नाही, चांगला पास झालो. चंद्रिकानं गल्लीत पेढे वाटले. सर्टिफिकेट वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत घालून सायकलच्या कॅरिअरला लावून नेलं.

श्रीमंतराव साहेबांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं. "वा वा, नवनाथ! बस की. चहा घेणार?"

चौदा वर्षांत त्या खोलीत मला बस म्हणालेले ते पहिल्यांदाच. माणसं उगीच बस म्हणत नाहीत.

"असं हाय बघ," साहेब म्हणाले. "जागेचा नियम झालाय. सर्टिफिकेट आणि तीन वर्षांचा टेक्निशियनचा अनुभव."

"माझी अकरा हायत की साहेब."

"कुटं लिवल्यात?"

मी सर्टिफिकेट त्यांच्याकडं आणखी पुढं सरकवलं.

"हजेरीपटावर तू हेल्पर. पगारपत्रकात हेल्पर. एक कागद दाखव, जिथं तू मशीन दुरुस्त केल्याचं लिवलंय."

"तुमचं हे मशीन कितीदा केलं, तुमालाच म्हाईत हाय न्हवं?"

"मला म्हाईत असून काय उपयोग? तपासणीवाल्याला कागद लागतोय. आज मी मागची अकरा वर्षं बदलून टेक्निशियन लिवलं, तर उद्या प्रत्येक जण येईल, म्हणंल माझंबी बदला. आणि नियम काय मी केलाय का? वरनं आलाय."

"मालक सगळ्यांसमोर बोललेले."

"मालक पूजेच्या दिवशी बोलले, नवनाथ." ते अगदी प्रेमानं म्हणाले. राग यावा असं त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. बरं, राग येऊन करणार काय? घंटा झाली, मी पेट्या उचलायला गेलो.

दुसरीकडं बघितलं नाही असं नाही. एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला माणूस पाहिजे होता. रजा टाकून गेलो. समोरच्या बाईंनी सर्टिफिकेट बघून मान डोलावली आणि म्हणाल्या, "आधीच्या कंपनीचं अनुभवाचं पत्र?" ते पत्र श्रीमंतराव साहेब एका मिनिटात देतील. त्यात हेल्पर लिहिलेलं असेल. मी म्हणालो, आणतो, आणि बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढलं. चौदा वर्षं लपवली तर अनुभव शून्य, दाखवली तर हेल्पर. कुठूनही गेलं तरी आडवा तोच शब्द.

त्या रविवारी क्लासवर गेलो. माझं काही राहिलं नव्हतं, पण पाय तिकडंच वळले. सगळं ऐकून घेतल्यावर संघप्रिया मॅडमनी सहावी पायरी सांगितली नाही. नुसतं विचारलं, "वही हाय का घरी?"

"आता लिवून काय? तीन वर्षं पाहिजेत. मी शेचाळीस हुईन."

"न्हाय लिवलं तरी शेचाळीस हुणारच की, काका."

घरी येऊन चंद्रिकाला सांगितलं. तिनं शंभर पानी वही काढली, कपड्यावर खुणा करायच्या पट्टीनं पहिल्या पानावर रेघा ओढल्या, रकाने पाडले आणि खाकी कव्हर घातलं. महिनाभर ती वही माझ्या डब्याच्या पिशवीत नुसती फिरली. कोणापुढं काढायची लाज वाटायची. हेल्परनं वही काढली, असं लोक म्हणतील!

दरम्यान टेक्निशियनची जागा भरली. पुण्याच्या एजन्सीमार्फत इंद्रजीत नावाचा मुलगा आला. तीन वर्षं एका गोदामात कॉम्प्युटर मोजायचं काम केलेला, पण पत्रावर टेक्निशियन असं स्वच्छ छापलेलं. पोरगा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी मला "काका, शिकवा" म्हणाला. त्याच्यावर रागवायची सोयसुद्धा राहिली नाही. श्रीमंतराव साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "नवा हाय, सांभाळून घे त्याला. हाताखाली मदत कर. हेल्परच हाईस की तू." आणि हसले. मीही हसलो. हसलो ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग गेल्या महिन्याची गोष्ट. पगारपत्रक पाठवायचा शेवटचा दिवस आणि श्रीमंतराव साहेबांचं मशीन बंद पडलं. इंद्रजीतनं लॅपटॉप जोडून बघितला, वायरी बदलल्या, घामाघूम झाला. शेवटी वाइंडिंगमध्ये हाक आली.

"खोडरबरला पाठवा!"

अंगावरची पिंज झटकून, डब्याची पिशवी खांद्याला लावून मी गेलो. बटण दाबलं. तीन बीप. झालं, रॅम. हात सवयीनं स्क्रू ड्रायव्हरकडं गेला आणि थांबला. मी खुर्ची ओढली. कोणी बस म्हणालं नव्हतं. साहेबांच्या समोर बसलो.

"साहेब," मी म्हणालो, "बंद पडायच्या आधी काय झालंतं? तुमी काय केलं?"

अकरा वर्षांत मी कोणाला हा प्रश्न विचारला नव्हता.

"मी?" साहेब म्हणाले. "मी काय केलंच न्हाय."

"कायच न्हाय?"

"अरं, कायच केलं न्हाय म्हणतो की मी!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी मात्र त्यांच्याकडं बघत होतो. मग उठलो, कॅबिनेट खोलला, रॅम काढली, खिशातला खोडरबर काढून सावकाश घासली. इंद्रजीत वाकून बघत होता, त्यालाही पट्टी कशी धरायची ते दाखवलं. रॅम बसवली. मशीन चालू झालं. पगारपत्रक उघडलं. एक्केचाळीसावी ओळ जागेवर होती.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "शाबास! जा आता."

मी गेलो नाही. पिशवीतून खाकी कव्हराची वही काढली आणि उभ्यानंच टेबलावर लिहायला लागलो. तारीख. मशीन, आस्थापना विभाग. तक्रार, डिस्प्ले नाही, तीन बीप. वापरणाऱ्याचं म्हणणं, मी काही केलंच नाही. केलेलं काम, रॅम साफ करून बसवली. दुरुस्ती करणारा, नवनाथ धोंडीराम. पुढं हुद्द्याचा रकाना होता. चंद्रिकानं पाडलेला. तो कोरा ठेवला. वही फिरवून साहेबांपुढं सरकवली.

"सही करा, साहेब."

"ही कशाला आता?"

"सहावी पायरी हाय. परीक्षेत असतीया."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. वापरणाऱ्याच्या म्हणण्याच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. मला वाटलं, वही भिरकावतील. पण आयुष्यभर सह्या केलेला माणूस. त्यांनी पेन उचलून सही केली आणि सवयीनं शेजारचा कंपनीचा शिक्का उचलून सहीखाली मारला. मारल्यावर काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. पण शिक्का परत उचलता येत नाही.

मी पानावरचा खोडरबराचा चुरा फुंकून टाकला, वही उचलली आणि निघालो. वाइंडिंगच्या दारात, आत शिरायच्या आधी, लक्षात आलं की सगळ्यात पहिला रकाना भरायचा राहिलाय. पेटीवर वही टेकवली आणि लिहिलं.

अनुक्रमांक एक.